वाळवणबाई

आमच्या वसतिगृहाच्या बाईंनी कधी कुणा मुलीवर हात उगारलेला मला आठवत नाही. पण ओले केस बांधलेली पोरगी दिसली की त्या अशा धावून यायच्या, जणू तिच्या पाठीवर विंचू चढलाय. आधी रिबीन ओढायच्या, मग वेणी मोकळी करायच्या आणि मग विचारायच्या, "कावून बांधलेस?" उत्तर ऐकायला मात्र थांबायच्या नाहीत. कारण काही का असेना, त्यांच्या लेखी ते खोटंच असायचं.

केजच्या बाहेर एका सहकारी संस्थेनं हे मुलींचं वसतिगृह काढलं होतं. संस्थेचा ऊस, संस्थेचं दूध, संस्थेची पतपेढी आणि त्या सगळ्याच्या जोडीला आम्ही. मी पाटोद्याकडच्या एका खेड्यातून आठवीला तिथं आले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. विहिरीच्या तळाला गाळ दिसत होता, हापसा हापसला की नुसता फुस्स आवाज यायचा. पाणी टँकरनं यायचं, तेही ड्रायव्हरच्या मर्जीनं. अंगावर दोन तांबे घेतले की आंघोळ झाली म्हणायचं. डोक्यावरून न्हाणं फक्त रविवारी.

त्या रविवारामुळंच आम्ही त्यांना पाठीमागं वाळवणबाई म्हणायचो. लोक गच्चीवर कुरडया घालतात, बाई आम्हाला घालायच्या. सडपातळ अंग, काळासावळा वर्ण, डोईवरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. तो पदर मी कधी ढळलेला पाहिला नाही. पोरींमध्ये पैजा लागायच्या, बाईंचे केस कसे असतील? कुणी म्हणे टक्कल आहे, कुणी म्हणे गुडघ्यापर्यंत आहेत. जगाच्या केसांची उठाठेव करणाऱ्या बाईचा स्वतःचा एक केस कुणाला दिसू नये, याचा आम्हाला भारी राग यायचा.

नावानं त्या कुणाला हाक मारत नसत. केसांवरून मारत. मी "दाटे". संचालकांची मंदा "मऊ". कुशावर्ता नावाची एक होती, तिच्या डोक्यावर काळ्याभोर कुरळ्यांचं रानच होतं, ती "कुरळे". घरचे लोक भेटायला आले की बाई वरून ओरडायच्या, "दाटेऽ, तुझा बाप आलाय!" आमचा बाप बिचारा खाली बावळटासारखा इकडंतिकडं बघत राहायचा.

न्हाण्याचा नंबरसुद्धा केसांवरून लागायचा. दाट केसवाल्या सकाळी आधी, मग कुरळ्या, आणि पातळ केसांच्या सगळ्यात शेवटी. शेवटी न्हाणाऱ्यांना पाणी कमी मिळायचं, म्हणून दर रविवारी रडारड ठरलेली. बाईंचा जीव काही त्यानं हलायचा नाही. "पातळ केसाला पाणी बी कमी अन् वारा बी कमी लागतो. ह्या दाटीला वाळूस्तर दिवस मावळतो. रडायलीस कावून?"

गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी होती, कोरडी ठणठणीत. तिची सावली मात्र शाबूत होती. पातळ केसवाल्यांना त्या सावलीत बसवायचं, नुसत्या वाऱ्यावर. उन्हात बसलं तर टोकांचा झाडू होतो, असं बाईंचं म्हणणं. माझ्यासारख्या दाटीला पाठीवर थोडं ऊन, आणि थंडीच्या दिवसांत शेगडी. शेगडीत निखारे, त्यावर चिमूटभर ओवा, वर पालथी टोपली आणि टोपलीवर पसरलेले माझे केस. धूर नाकात जाऊन मी खोकायची. बाई टोपली आणि केस यांच्यामध्ये स्वतःचा हात घालून बसायच्या. "माझ्या हाताला चटका बसला की उठायचं. तोवर बस." त्यांच्या पंजाच्या मागच्या बाजूला जुने डाग होते, ते आमच्यासारख्या दाट्यांनीच दिलेले असणार.

कुरळ्यांचं सगळंच उलटं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, ओले असताना फणी घालायची नाही, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात केस नुसते दाबायचे आणि सोडून द्यायचे. शेगडीजवळ तर फिरकायचंही नाही. "कुरळ्याला आग दावायची न्हाई. वरून वाळल्यावानी दिसतो अन् आत ओलाच ऱ्हातो. लबाड केस हाय त्यो." तरुणपणी त्या संस्थेच्या जिनिंगवर कामाला होत्या. ओला कापूस दाबून ठेवला तर आतून तापतो, काळा पडतो, गाठी धरतो, हे त्या आम्हाला इतक्यांदा सांगायच्या की झोपेतसुद्धा पाठ म्हणून दाखवलं असतं.

केस वाळले की नाही हे आम्ही ठरवायचं नाही. बाई यायच्या, मानेपाशी केसांत बोटं घालून मुळं वर उचलायच्या आणि स्वतःचा गाल तिथं टेकवायच्या. क्षणभर डोळे मिटायच्या. मग एक तर "वाळले" म्हणायच्या, नाही तर पुढच्या पोरीकडं वळायच्या. "टोकं फसवत्यात गं. मुळाशी बघावं." कडक बाई, कधी कुणाच्या पाठीवरून हात फिरवला नाही, पण आठवड्यातून एकदा गाल लावायच्या. घर सोडून आलेल्या पोरींना तेवढंसुद्धा पुष्कळ वाटायचं. मला तरी वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

मंदाच्या मामानं पुण्याहून केस वाळवायचं मशीन आणून दिलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाईंचं राज्य संपलं. पिस्तुलासारखं ते यंत्र मंदा सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत होती. त्या दिवशी नेमकी वीज होती. बाईंनी मशीन हातात घेतलं, उघड्या मनगटावर गरम वारा सोडला, लांब धरला, जवळ धरला, चेहरा अगदी गंभीर. आम्ही श्वास रोखून उभ्या. आणि बाई म्हणाल्या, "ब्येस हाय की!"

मंदा फुलली. पण पुढं ऐका. "मऊ, तुझ्या केसाला हे न्हाई चालायचं. पार सुतळी व्हईल. दाटीला चालंल, परीक्षेच्या दिवशी. वीतभर लांब धरायचं, हालवत ऱ्हायचं, अन् अर्धे वाळले की बंद करून बाकीचे वाऱ्यावर." म्हणजे मशीन मंदाचं आणि वापरायचं मी! मंदा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. "मशीन वाईट न्हाई," बाई जाताना म्हणाल्या, "घाई वाईट."

घाईशी त्यांचं हाडवैर होतं. एका रविवारी संस्थेचे चेअरमनसाहेब कुणी तरी मोठे पाहुणे घेऊन अचानक आले. दुष्काळाची पाहणी चालली होती, पाहुण्यांना मुलींसोबत फोटो काढायचा होता. आम्ही सगळ्या गच्चीवर केस सोडून बसलेल्या. चेअरमन जिना चढून आले आणि कपाळाला हात लावला. "अवो बाई, काय हडळी बसवल्यात का ह्या? दोन दोन येण्या घाला अन् खाली पाठवा पटकन."

"केस ओले हायत," बाई म्हणाल्या.

"मग ओल्याच घाला! मोठी माणसं खाली ताटकळायलीत."

"वाळले की येतील. तुमी च्या घ्या तवर."

चेअरमनचा चेहरा लालेलाल झाला. ज्यांच्या शब्दाशिवाय अख्ख्या संस्थेत पान हलत नसे, त्यांना चहा प्यायला सांगत होत्या या! ते दबक्या आवाजात म्हणाले, "नोकरी जाईल बाई, हे ध्यानात ठिवा." बाईंनी पदर नीट खोचला. "जाऊ द्या. पोरींचे केस वाळवून जाते."

खाली पाहुण्यांनी चहा घेतला, पुन्हा घेतला. उन्हं कलल्यावर आम्ही दोन वेण्या घालून ओळीनं खाली उतरलो. फोटो निघाला. नोकरी गेली नाही, पण बाईंची पगारवाढ त्या वर्षी अडकली, असं स्वयंपाकीण सांगायची. आम्हाला तेव्हा हा सगळा निव्वळ तऱ्हेवाईकपणा वाटायचा. माणूस केसांपायी पोटावर पाय आणून घेतं का? त्या हट्टाखाली काय होतं, ते आम्हाला कळलं कुशावर्तामुळं.

कुशाचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. एरवी ती आमच्यातच राहायची, पण त्या दिवाळीत संस्थेनं जेवणाला कात्री लावली आणि तिची आई धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला सोबत घेऊन गेली. त्या साली ऊसच नव्हता. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि शिमग्याच्या आधीच माणसं परतली. एका सकाळी कुशा आईबरोबर फाटकातून आत आली. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, मान खाली. तिची आई सरळ बाईंकडं गेली. "पोरीची पेटी न्यायला आलेय. नाव काढा तिचं."

"कावून?"

आईनं स्कार्फ सोडला. कुशाच्या मानेपाशी मुठीएवढी जट झाली होती. काळी, चिवट, नमद्यासारखी एकजीव. वर हळदकुंकू वाहिलेलं. "देवीनं धरलंय तिला," आई म्हणाली. "जाणत्यांनी सांगितलं. चैत्राच्या पुनवेला देवीच्या पायाशी न्यायची. आता ती देवीची."

देवीची म्हणजे काय, हे आम्हा खेड्यातल्या पोरींना कुणी समजावून सांगायला नको होतं. शाळा संपली, लग्नाचं नाव नाही, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन जन्मभर दारोदार. कुशा आठवीत गणितात पहिली आली होती. ती तिथं भिंतीला टेकून उभी होती आणि रडतसुद्धा नव्हती, मला ते अजून सहन होत नाही.

बाई तिच्या मागं गेल्या. जटेला हात लावायला कुणी धजत नसे, आईनं तर "अगं बया!" म्हणून तोंडच झाकलं. बाईंनी जट उचलली, बोटांनी दाबली आणि मुळाशी गाल टेकवला. "न्हायल्यावर कुठं वाळवायचीस गं, कुरळे?"

"पाचटाच्या कोपीपुढं," कुशा म्हणाली. "शेकोटीवर."

"अन् मग?"

"आई बांधून द्यायची. पुन्हा सोडायला येळच न्हाई मिळाला."

बाई तिच्या आईकडं वळल्या. आता भांडण पेटणार, असं आम्हाला वाटलं. पण त्या हात जोडून म्हणाल्या, "मी कात्री लावत न्हाई. शप्पथ. देवीची असंल तर माझ्याच्यानं सुटणार न्हाई, मग खुशाल न्या, मी आडवी येनार न्हाई. पण नुसता गुंता असंल तर सुटंल. पुनवेपतोर द्या मला."

आईची चलबिचल झाली. कात्री लावली तर कोप, हे तिला ठाऊक होतं. तेलाबोटांनी सोडवलं तर काय, याबद्दल जाणते काही बोलले नव्हते. त्या फटीतून बाई आत शिरल्या. पेटी जागेवरच राहिली.

त्या दिवसापासून शाळा सुटली की टाकीच्या सावलीत बाई आणि कुशा. खोबरेल तेल आणि टोक घासून बोथट केलेलं दाभण. एकेक केस बाहेर काढायचा, कडेनं आत जायचं, ओढायचं नाही. कधी दिवसभरात करंगळीएवढा भाग मोकळा व्हायचा, कधी तोही नाही. सगळ्यात कठीण पाणी. तेल धुवायला पाणी लागायचं आणि टँकर तर दोन-दोन दिवस यायचा नाही. बाईंनी आमच्याकडं मागितलं नाही. आम्हीच आपापल्या वाट्यातला पेलाभर त्यांच्या बादलीत ओतायला लागलो. मंदानं आधी नाक मुरडलं, पण तिसऱ्या दिवशी तीही पेला घेऊन उभी. वर म्हणाली, "बाई, माझं मशीन घ्या ना, लवकर वाळंल."

"नको गं, मऊ. वरून वाळंल. आतली ओल काढायचीय मला."

धुतलं की वाळेपर्यंत पुढचं काम बंद. ओल्या गुंत्याला त्या हात लावत नसत. कुशा गुडघ्यावर कपाळ ठेवून बसायची आणि बाई शेजारी पदराच्या टोकानं वारा घालत बसायच्या. पौर्णिमा जवळ येऊ लागली तसे बाईंचे डोळे आत गेले. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. त्यांची बोटं दाभण धरून सुजली होती. आम्ही पोरी रोज चंद्राकडं बघायचो आणि त्याला शिव्या घालायचो.

आई आली तेव्हा लिंबाएवढी गाठ उरली होती, अगदी मानेच्या खळगीत. बाकीचे केस मोकळे होऊन पाठीवर पसरले होते. आई बघतच राहिली. मग तिचं लक्ष त्या गाठीकडं गेलं. "तेवढी न्हाई सुटली ना? बघा. तीच देवीची खूण."

बाईंनी दाभण पुढं केलं. "तेवढी तुमी सोडवा."

"माझं वाटोळं व्हईल बाई!"

"व्हायचंच असलं तर माझं व्हऊ द्या. मी सांगितलं म्हणून करायलात तुमी. आईच्या हाताला देवी काय म्हणनार न्हाई. बसा."

आई कशीबशी बसली. दाभण हातात घेतलं. बाई मागून बोटानं दाखवत होत्या, हितून, आता हितून, हळू. आम्ही सगळ्या जिन्यात दाटीवाटीनं उभ्या. बराच वेळ काही झालं नाही. मग गाठीच्या पोटातून उसाच्या पाचटाचं एक पातं निघालं, वाळकं, पिवळं. त्याच्या मागोमाग लाल कापडाची चिंधी. आईनं ती चिंधी ओढली, तळहातावर घेतली, अंगठ्यानं पुसली. काठावर हिरवी रेघ होती.

"ही माझ्या लुगड्याची हाय," ती म्हणाली.

आई त्या चिंधीकडं बघत होती. "रिबीन हारवली म्हणून म्या फाडून बांधली व्हती. पहिल्या थंडीत. गाडी भरायची व्हती, मुकादम ओरडायलता... म्या म्हनलं, वाळतील आपोआप." आणि मग ती मोठ्यानं रडायला लागली. "म्याच बांधलं गं माझ्या लेकीला! देवी कुठली, म्याच बांधलं!"

कुशा वळून आईच्या गळ्यात पडली. बाई खाली बसल्या आणि आईचा हात धरला. "तुमचं काय चुकलं? केस वाळूस्तर बसू कोण देतंय तुमाला?"

डोळे पुसून झाल्यावर आईनं विचारलं, "बाई, तुमी कावून यवढा जीव काढलात? तुमची कोन ही?"

"आमच्या धाकट्या बहिनीला असंच धरलं व्हतं," बाई म्हणाल्या. "सोडवायला कुनी बसलं न्हाई. आमी बी न्हाई."

"हाय का ती?"

"न्हाई." बाई उठल्या आणि दाभण पुसून डब्यात ठेवलं. पौर्णिमेला त्या स्वतः कुशा आणि तिच्या आईबरोबर देवीला गेल्या, नारळ फोडला, खणानारळानं ओटी भरली. देवीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. कुशाची पेटी मात्र शेवटपर्यंत आमच्याच खोलीत राहिली.

पुढं कुशा नर्स झाली. मी वडवणीला शिक्षिका म्हणून लागले आणि तिथंच निवृत्त झाले. वसतिगृह बंद पडलं, संस्थेतही काही राम उरला नाही. बाई केजमध्येच भाचीकडं राहायला गेल्या. अधूनमधून मी भेटायला जायची. एव्हाना माझे दाट केस निम्म्यावर आले होते. बाई मानेत बोटं घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "दाटे, आता तुला शेगडी लावायची न्हाई हं. आता तू मऊ."

त्या गेल्या तो असाच कडक उन्हाळा होता. कुशाचा फोन आला आणि मी मिळेल त्या जीपनं केज गाठलं. अंगणात माणसं जमली होती. आत बायकांनी बाईंना आंघोळ घातली होती. आणि पहिल्यांदाच आम्ही त्यांचे केस पाहिले. टक्कलही नव्हतं आणि गुडघ्यापर्यंतही नव्हते. पांढरे, बारीक, अगदी पातळ, जावळासारखे.

शेजारची एक म्हातारी केसांची गाठ मारायला पुढं सरसावली. कुशानं तिचा हात धरला. "थांबा. ओले हायत."

"अगं पोरी, आता ओलं काय अन् वाळलं काय! ऊन चढायलंय, मानसं खोळंबलीत."

"ओले बांधायचे न्हाईत," कुशा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण हातही सोडला नाही.

बाहेरून कुणी तरी ओरडलं, "काय चाललंय आत? आटपा की!" कुशा दारात गेली. "बाईंचे केस ओले हायत. वाळले की न्या." अंगणात कुजबुज झाली. एक तरुण पोरगा जरा मोठ्यानंच म्हणाला, "काय बे हे, यडेपना!" तेव्हा भिंतीकडच्या खुर्चीतून काठी आपटल्याचा आवाज आला. जुने चेअरमनसाहेब होते, पार थकलेले. "गप बस रे," ते म्हणाले. "वाळू द्या. मी थांबलोय मागं, अजून थांबतो."

भाची आतून केस वाळवायचं मशीन घेऊन आली. डोळे रडून सुजलेले. "ताई, ह्यानं वाळवू का? लवकर होईल."

"नको," कुशा म्हणाली. "बाईंचे केस पातळ हायत. वाऱ्यावर वाळतील."

तिनं खिडकी उघडली आणि बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. बोटांनी केस मोकळे करत बसली. मी शेजारी बसून पदरानं वारा घालत राहिले. थोड्या वेळानं कुशा वाकली, मानेपाशी बोटं घालून मुळं उचलली आणि गाल टेकवला. डोळे मिटून तशीच राहिली.

मग तिनं सैलसर अंबाडा घातला, बाईंच्या डोईवर पदर ओढला, कानामागं खोचला.

"वाळले," ती म्हणाली. "आता न्या."